घरातल्या पुरुषाचं व्यसन सोडवायचंय? नाशिककरांनी कुठून सुरुवात करावी

घरातला नवरा, मुलगा, भाऊ किंवा वडील दारूत, गोळ्यांत नाहीतर एमडीसारख्या ड्रगमध्ये अडकलेत आणि आता काहीतरी करायलाच हवं, इथवर तुम्ही आला असाल. बहुतेक घरांतून पहिला प्रश्न एकच येतो, "याला कुठल्या केंद्रात टाकू?" माझं सांगणं आहे की आज लगेच कुठेच टाकू नका. आधी डॉक्टर, मग गरज असेल तर केंद्र, आणि त्यानंतर निदान वर्षभर पाठपुरावा. हा क्रम उलटा झाला की पैसा जातो, माणसाचा उपचारांवरचा विश्वास उडतो, कधीकधी जीवही जातो.

आपलं घर एकटंच यात आहे असं वाटत असेल तर देशाचा आकडा बघा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातले सुमारे 27 टक्के पुरुष दारू पितात असं आढळलं, बायकांमध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास. दारूचं अवलंबित्व असलेल्या 38 जणांमागे फक्त एकाने कसला तरी उपचार घेतला होता. बाकीचे सदतीस कुठे असतील? घरी, कामावर, एखाद्या नातेवाइकाच्या ओसरीवर. आजार लपवत आणि दारूही लपवत.

आधी एक कागद लिहा

वही घ्या आणि तो काय घेतो, किती घेतो, कधीपासून घेतो आणि शेवटचं कधी घेतलं ते लिहून काढा. "खूप पितो" असं डॉक्टरांना सांगून काही कळत नाही. कागद असा हवा: "सकाळी उठल्यावर नाईन्टी, नाहीतर हात थरथरतात. कंपनी सुटल्यावर क्वार्टर, रात्री आणखी एक. रोज. आठ-नऊ वर्षांपासून. शेवटचं काल रात्री साडेदहाला. दोन वर्षांपूर्वी एकदा फिट आली होती. शुगरची गोळी चालू आहे." पूर्वी कावीळ झाली होती का, रक्ताची उलटी झाली होती का, पडून डोक्याला मार लागला होता का, झोपेची गोळी घेतो का, जीव द्यायचं कधी बोलला का, हेही त्यात येऊ द्या. घरात एमडी किंवा गोळ्या सापडल्या असतील तर रिकामी पाकिटं फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

नाशिकमध्ये हा प्रश्न आता एकट्या दारूचा राहिलेला नाही. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी बरीच वर्षं पोरांच्या खिशात आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखानाच पोलिसांच्या हाती लागला. त्यामुळे विशी-पंचविशीतल्या मुलाबद्दल "पीत असेल थोडी" असं धरून चालू नका. बरेच जण दोन-तीन पदार्थ एकत्र घेतात, आणि उपचार त्याप्रमाणे बदलतो.

व्यसन आहे की नुसती सवय, हे कळायला डॉक्टर वर्षानुवर्षं चार साधे प्रश्न वापरतात. पिणं कमी करावं असं त्याला स्वतःला कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं की तो चिडतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागते का? यातल्या दोनांना 'हो' असेल तर दवाखान्यात जायची वेळ झाली. सकाळच्या पिण्याला 'हो' असेल तर पुढचा भाग दोनदा वाचा.

घरी कोंडून दारू बंद करू नका

"तीन दिवस खोलीत बंद करू, आपोआप उतरेल." हा सल्ला भावकीत कुणीतरी हमखास देतो. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

त्याचं कारण असं. दारू मेंदूला मंद करते. रोज दारू मिळाली की मेंदू तिला तोलायला स्वतःला सतत जास्त जागं, जास्त ताणलेलं ठेवू लागतो. दारू एका दिवसात काढून घेतली तरी तो ताण लगेच उतरत नाही, शरीर भडकतं. केंद्रात राहून आलेले लोक याला 'टर्की' म्हणतात. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. माणूस भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागतो, मुंग्या नसतातच. कोपऱ्यात कुणी उभं आहे म्हणून ओरडतो, बायकोला ओळखत नाही, अंग तापतं, उठून पळायला बघतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं आणि देवऋषी बोलावला जातो. हा डेलिरियम ट्रेमेन्स आहे. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू येतो, मिळाले तर बहुतेक जण काही दिवसांत भानावर येतात. फिट, भ्रम, ताप किंवा सतत उलट्या दिसल्या की 108 ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

दवाखान्यात हे त्रास ठरावीक औषधं देऊन आणि ती रोज थोडी थोडी उतरवत नेऊन सांभाळतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आलीच, तर "हे रोज पितात" हे डॉक्टरांना आधी सांगा. लाजू नका. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःच्या मनाने देऊ नका.

बाकी पदार्थांचं थोडक्यात. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी फिट येते, त्या आठवडे लावून हळूहळू उतरवाव्या लागतात. ब्राउन शुगरची, म्हणजे हेरॉइनची, टर्की फार वेदनांची असते, पण तिचा खरा धोका नंतर असतो, त्याविषयी पुढे लिहिलं आहे. एमडी बंद झाल्यावर माणूस खूप झोपतो, मग सुन्न आणि उदास होतो. त्या दिवसांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात, तेव्हा त्याला एकटं सोडू नका.

नाशिकमध्ये कुठे जायचं

त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, सकाळी लवकर जा. केसपेपर काढताना "मानसोपचार विभाग" एवढं सांगितलं तरी पुरतं, खिडकीवर सगळी कहाणी सांगत बसू नका. आधार कार्ड आणि तुमचा तो कागद सोबत असू द्या. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. सातपूर-अंबडला कामाला असणाऱ्यांनी ईएसआयचं कार्ड घेऊन सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करावी, उपचार आणि रजेचे कागद दोन्हींसाठी. कळवण, सुरगाणा, येवला, नांदगाव अशा तालुक्यांतून येणाऱ्यांनी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तिथे कोणत्या दिवशी येतात ते कळलं की एक खेप वाचते.

खासगीत जायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. समुपदेशक उपयोगाचा आहेच, पण टर्कीची औषधं तो लिहू शकत नाही.

घराबाहेर पडायचं धाडस होत नसेल तर फोनवरून सुरुवात करता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, मानसिक त्रासासाठी टेली-मानस 14416. दोन्ही मोफत आहेत. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं.

त्याच्याशी कसं बोलायचं

प्यालेला असताना एक शब्दही नको. सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर, एकाच माणसाने बोलावं आणि पोरांसमोर, सासरे-मेव्हण्यांच्या बैठकीत तर मुळीच नको. दहा जणांत अपमान झालेला माणूस तिथून उठून थेट बारमध्ये जातो.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. "तुम्हाला दारूचं व्यसन आहे" म्हटलं की तो "मी काय वेडा आहे का? माझ्या पैशाची पितो" म्हणून तुटून पडतो. तेच "अहो, रात्री तुमची झोप लागत नाही, सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. एकदा डॉक्टरांना दाखवू, मी येते बरोबर" असं म्हटलं की निदान ऐकून तरी घेतो. हात, झोप, पोट, शुगर ही दारं उघडी असतात. कमावणारा पुरुष आजारी आहे हे स्वतःशी कबूल करणं त्याला फार जड जातं, लहानपणापासून त्याला तेवढंच शिकवलेलं नसतं. हे समजून घेतलं म्हणून त्याचं वागणं माफ होत नाही, पण बोलण्याचा सूर बदलतो. "सोडली नाहीस तर माहेरी जाईन" ही धमकी मात्र खरंच जाणार असाल तरच द्या.

तो हात उचलत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सोय बघा. 112 आणि महिलांसाठी 181 हे नंबर पाठ असू द्या. त्याचा उपचार सुरू होईपर्यंत मार खात थांबायचं, असं कुठल्याही डॉक्टरला अपेक्षित नसतं.

'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतली पावडर जेवणात कालवू नका. त्यात काय असतं हे सांगायला कुणी बांधील नसतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते चालू असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयविकार असलेला माणूस दगावू शकतो. म्हणून ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात.

माळ घालण्याबद्दलही लोक विचारतात. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाऊन तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्या निश्चयाचं बळ मोठं आहे, भजनी मंडळाची रोजची संगत तर औषधाइतकीच मोलाची. माळ जरूर घाला, पण रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून टर्की सांभाळून घ्यावी आणि मग घालावी.

केंद्र निवडताना

प्रत्येकाला भरती व्हावं लागतं असं नाही. घरी सांभाळणारं कुणी आहे, पूर्वी फिट आलेली नाही, माणूस तयार आहे, तर ओपीडीत येऊन-जाऊन उपचार होतात. फिट किंवा भ्रमाचा इतिहास, आत्महत्येचा विचार, एकापेक्षा जास्त पदार्थ, लिव्हर-हृदयाचा आजार, किंवा घरातच पिणारे आणखी दोघे असतील तर भरती बरी. मुदतीचा अंदाज हवा असेल तर डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं उदाहरण घ्या, तिथला कार्यक्रम 35 दिवसांचा आहे. "सहा महिने ठेवा, वर्ष ठेवा" म्हणणाऱ्याला विचारा, त्या सहा महिन्यांत रोज नेमकं काय करणार?

केंद्र फोनवर ठरवू नका, जाऊन बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारांतच धरलेत, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे का बघा, त्याची मुदत वाचा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतात, त्यांचं नाव काय, रात्री फिट आली तर कोण असतं, कुठल्या दवाखान्यात नेता, असं विचारा. "आमचे सगळे कर्मचारी पूर्वी पिणारेच होते, त्यांना सगळं कळतं" हे उत्तर अर्धंच आहे. स्वतः त्यातून बाहेर पडलेला माणूस समुपदेशनात सोन्यासारखा असतो, फिटचं औषध मात्र त्याने ठरवायचं नसतं.

मग आत फिरा. संडास-बाथरूम बघा. खोलीला बाहेरून कुलूप आहे का, खिडक्यांतून हवा येते का, किती खाटांवर किती माणसं झोपतात ते बघा. जेवणाच्या वेळी गेलात तर वरण-भात चाखून बघा. तिथल्या एखाद्या रुग्णाशी दोन मिनिटं एकट्याने बोलायला द्या म्हणा. नकार मिळाला तर त्यातच उत्तर मिळालं. भेटीचे दिवस, फोनची मुभा आणि तक्रार कुठे करायची हे लेखी मागा. फीमध्ये औषधं, तपासण्या, बाहेरच्या दवाखान्याचा खर्च धरलाय का ते विचारून पावती घ्या.

काही ठिकाणी "गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील" असं सांगतात. तिथे हो म्हणू नका. स्वेच्छेने भरती झालेला माणूस डिस्चार्ज मागू शकतो. तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त 24 तास थांबवता येतं, तेही ठरावीक कारणांसाठीच. संमतीशिवाय ठेवायचं असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी, त्यांतले एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासून तशी गरज असल्याचं नोंदवावं लागतं, आणि पहिली मुदत 30 दिवसांची असते. साखळीने बांधायला याच कायद्याने पूर्ण बंदी आहे. मारहाण हा उपचार नाही आणि कधीच नव्हता. मार खाऊन परतलेला माणूस दारूपेक्षा आधी तुमचा विचार सोडून देतो, आणि पुढच्या वेळी दवाखान्याचं नावही काढू देत नाही.

पैशाची अडचण असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची चौकशी 14446 वर करा, तिथे उपचार मोफत असतात. आरोग्यविमा असेल तर पॉलिसी बारकाईने वाचून कंपनीला लेखी विचारा. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा, असं 2017 चा कायदा सांगतो. ड्रग्जच्या बाबतीत पोलिसांची भीती असते, ती रास्त आहे. पण अल्प प्रमाणातल्या पदार्थाच्या प्रकरणात जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम 64-अ एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात आहे. गुन्हा दाखल झालाच असेल तर वकिलाला हे कलम विचारा.

केंद्रात पहिला आठवडा शरीर ताळ्यावर आणण्यात जातो. पुढे दिवसाला शिस्त लागते. सकाळी व्यायाम-प्राणायाम, गटचर्चा, वैयक्तिक समुपदेशन, लिहिणं, कामाच्या पाळ्या. फक्त पुरुषांच्या वॉर्डाचा एक मोठा फायदा मला दिसतो. तिथे माणूस आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या पुरुषांसमोर रडतो. दारूमुळे लैंगिक ताकद गेली, वडिलांनी मारलं ते अजून सलतं, कर्जाचा आकडा बायकोला खोटा सांगितला, हे तो घरात बोलू शकत नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस "माझंही तेच" म्हणतो, आणि तिथून खरा उपचार सुरू होतो. म्हणून केंद्र बघताना गटचर्चा कोण घेतं आणि रोज होते का, हे नक्की विचारा.

घरी आल्यावरचं वर्ष

डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटू नका. कागद मागा: निदान, औषधं, पुढची तारीख, कुठल्या नंबरवर फोन करायचा.

ब्राउन शुगर किंवा इतर अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याच्या घरच्यांनी हे नीट लक्षात ठेवावं: काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच मात्रेत एकदा घेतलं तरी श्वास थांबू शकतो. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं डॉक्टर महिनोन्‌महिने चालू ठेवतात. "एक व्यसन सोडून दुसरं लावलं" असं म्हणून ती बंद पाडू नका. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. कुणाला कुठलं चालतं हे लिव्हर-किडनीच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात.

पगाराचा दिवस आधीच ठरवून ठेवा. पहिले काही महिने पगार दोघांच्या संमतीने बायकोच्या किंवा आईच्या खात्यात, आणि खिशात रोजच्या खर्चापुरते. द्राक्षाचा किंवा कांद्याचा हिशोब मिळतो त्या दिवशी मार्केटला एकट्याने जाऊ नये, पोराला किंवा भावाला सोबत न्यावं. कंपनी सुटल्यावर गेटवर रोजचे मित्र उभे असतील तर शिफ्ट किंवा रस्ता बदलता येतो का बघावं. रंगपंचमीला रहाडीवर जायची हौस प्रत्येक नाशिककराला असते. जावं, पण न पिणाऱ्यांच्या घोळक्यात, आणि परतायची वेळ घरी सांगून. लग्नाच्या वरातीत मात्र पहिलं वर्ष न गेलेलंच बरं. कुणी रुसलं तर रुसू दे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, सगळे म्हणतात तशा एएच्या, सभांना जायला पैसे लागत नाहीत, आडनावही सांगावं लागत नाही. पहिल्या सभेत नुसतं ऐकलं तरी चालतं. एक सभा आवडली नाही तर दुसऱ्या गटाच्या सभेला जाऊन बघावं. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, आणि बायको किंवा आईने तिथे जावं असं मला मनापासून वाटतं. इतकी वर्षं खिसे तपासण्यात आणि तोंडाचा वास घेण्यात गेलेल्या बाईलाही सावरायला वेळ लागतो. तो सुधारला की तिचं आपोआप सगळं ठीक होत नाही.

त्याचा पाय पुन्हा घसरू शकतो. अनेकांचा घसरतो. त्यासाठी आधीच, शुद्धीत आणि चांगल्या मूडमध्ये असताना, तिघांनी बसून कागदावर ठरवा: तो, तुम्ही आणि ज्याचं तो ऐकतो असा एक माणूस. प्यालाच तर सगळ्यात आधी कुणाला फोन करायचा, रात्री झोपायचं कुठे, गाडीची चावी कुणाकडे द्यायची, डायसल्फिराम चालू असेल तर कुठल्या दवाखान्यात जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जुनी फाइल घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि "काल रात्री घेतली, एवढी घेतली" हे त्यालाच सांगू द्या. आठवडाभर रोज घेत राहिला असेल तर पुन्हा घरी एकदम बंद करू नका, टर्कीचा धोका पहिल्यासारखाच असतो.